वाचकांचे प्रश्न: नफा दिसतो, पण पैसा कोणत्या वर्षी?

मागच्या अंकात आम्ही बी.कॉम., बीबीए आणि एम.कॉम.च्या विद्यार्थ्यांकडून कॉर्पोरेट फायनान्सच्या पेपरातल्या अडचणी मागवल्या होत्या. बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या कॉलेजांतून पत्रे आली, तशी सीमेपलीकडे कोल्हापूरला शिकायला जाणाऱ्यांकडूनही आली. सूत्रे बहुतेकांना पाठ आहेत. गाडी अडते ती एकाच ठिकाणी: हा आकडा कोणत्या वर्षाखाली लिहायचा, आणि मुळात लिहायचा का? म्हणून या वेळी सिद्धांतांपेक्षा हिशेबांना जास्त जागा दिली आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न: प्रोजेक्टसाठी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचे उदाहरण घेतले आहे. सीएनसी मशीन ३० लाख, वर खेळते भांडवल ३ लाख. मशीनमुळे दरवर्षी खर्च वजा जाता साडेनऊ लाख रोख शिल्लक. पाच वर्षांनी मशीन ८ लाखांना विकायची. कर २५ टक्के, डिस्काउंट रेट (पुढचे पैसे आजच्या किमतीत आणायचा दर) १३ टक्के. वहीत एनपीव्ही (सगळ्या प्रवाहांची आजची किंमत वजा गुंतवणूक) ९१,८०६ रुपये आला, कॉम्प्युटरवर ८१,२४४. चूक कुठे? शिवाय घसारा (मशीनची दरवर्षी घटणारी किंमत) आधी वजा करून नंतर परत मिळवतात, हे अजून नीट कळलेले नाही.
(विद्यार्थिनी, बी.कॉम. तिसरे वर्ष, खानापूर)

उत्तर: वहीतले बरोबर आहे. स्प्रेडशीटमधले एनपीव्ही हे फंक्शन पहिला आकडा आजचा धरत नाही, पहिल्या वर्षाच्या अखेरचा धरते. तुम्ही उणे ३३ लाखांपासून सहाच्या सहा आकडे त्यात टाकले असणार. त्यामुळे आज द्यायचे पैसेही वर्षभर पुढे ढकलले गेले आणि सगळे उत्तर १.१३ ने भागले गेले. ९१,८०६ भागिले १.१३ करून बघा, ८१,२४४ च येतात. फंक्शनला फक्त पहिल्या ते पाचव्या वर्षाचे आकडे द्या आणि उणे ३३ लाख त्याच्या बाहेर मिळवा. आयआरआर (ज्या दराला एनपीव्ही शून्य होतो तो दर) काढणाऱ्या फंक्शनला मात्र सहाही आकडे लागतात. इथेच पुष्कळांची गल्लत होते, कारण शेजारी शेजारी असलेली ही दोन फंक्शने वेगळ्या रीतीने वागतात.

आता घसारा. घसाऱ्याचा धनादेश कोणाच्या नावे फाटत नाही. मशीनचे पैसे पहिल्याच दिवशी गेले, त्यामुळे पुढे दरवर्षी घसारा वजा केला तर तोच खर्च दोनदा लागतो. पण करपात्र उत्पन्न काढताना घसारा वजा होतो आणि तेवढा कर वाचतो. हा वाचलेला कर मात्र खरी रोकड आहे. म्हणून 'वजा करून परत मिळवा' या कवायतीपेक्षा सरळ वाट बरी: करानंतरची रोख शिल्लक आणि अधिक घसाऱ्यामुळे वाचलेला कर. तुमच्या उदाहरणात साडेनऊ लाखांचे ७५ टक्के, म्हणजे ७.१२५ लाख, दरवर्षी ठरलेले. त्यात त्या वर्षीच्या घसाऱ्याचे २५ टक्के मिळवायचे.

आयकराच्या हिशेबात अशा मशीनला घटत्या किमतीवर १५ टक्के घसारा मिळतो. पहिल्या वर्षी ४.५० लाख, दुसऱ्या ३.८३, तिसऱ्या ३.२५, चौथ्या २.७६. त्यावरून करानंतरचे रोख प्रवाह असे येतात:

वर्ष १: ८.२५ लाख
वर्ष २: ८.०८ लाख
वर्ष ३: ७.९४ लाख
वर्ष ४: ७.८२ लाख
वर्ष ५: ७.४१ लाख, अधिक विक्रीचे ८ लाख, अधिक मोकळे झालेले खेळते भांडवल ३ लाख, एकूण १८.४१ लाख

१३ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणले की बेरीज ३३.९२ लाख होते. त्यातून ३३ लाख गेले, उरले सुमारे ९२ हजार. पाचव्या वर्षीचे ३ लाख विसरणारे विद्यार्थी फार. ते विसरलात तर आजच्या किमतीत १.६३ लाख कमी पडतात आणि चांगला प्रकल्प उणे दिसायला लागतो.

पाचव्या वर्षीचा घसारा एवढा कमी कसा, हा पुढचा प्रश्न यायलाच हवा. परदेशी पाठ्यपुस्तकांतून सोडवलेली उदाहरणे बघितली तर तिथे मशीन विकली की पुस्तकी किंमत आणि विक्री किंमत यांतला फरक काढून त्यावर लगेच कर आकारतात. आपल्याकडे एकाच दराच्या सगळ्या मशिनरीचा मिळून एक गट असतो. विक्रीचे ८ लाख त्या गटातून वजा होतात आणि उरलेल्या रकमेवर १५ टक्के घसारा चालूच राहतो. चौथ्या वर्षाअखेर या मशीनचे १५.६६ लाख शिल्लक होते. त्यातून ८ गेले, ७.६६ वर १५ टक्के म्हणजे १.१५ लाख. विक्रीवर तोटा दाखवून एकदम कर वाचवता येतो तो गटात एकही मशीन उरली नाही तरच. पाचव्या वर्षानंतरही थोडा कर वाचत राहतो. आजच्या किमतीत तो सुमारे ४७ हजार भरतो, पण पदवीच्या पेपरात तो सहसा सोडून देतात. प्रोजेक्टमध्ये एका ओळीत उल्लेख करा, तोंडी परीक्षेत उपयोगी पडेल.

तीन बारकावे प्रोजेक्टसाठी. पहिला, मशीनच्या कोटेशनवरचा जीएसटी किमतीत धरू नका, कारण कारखान्याला त्याचे क्रेडिट मिळते. मशीन बेळगावात घेतली तर राज्य आणि केंद्र असा जीएसटी लागेल, कोल्हापूरहून आणली तर आयजीएसटी. क्रेडिट दोन्हीकडे आहे. मात्र करासकट रकमेवर घसारा घेतला तर त्या कराचे क्रेडिट घेता येत नाही. दुसरा, वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी काळ वापरलेल्या मशीनला पहिल्या वर्षी निम्माच घसारा. म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांनंतर मशीन सुरू झाली तर पहिल्या वर्षाचा आकडा बदला. तिसरा, २५ टक्के कर हा कंपनीचा. सवलतीचा २२ टक्के दर निवडलेल्या कंपनीला अधिभार आणि उपकर धरून २५.१६८ टक्के पडतो. पण उद्यमबागेतले कितीतरी कारखाने भागीदारीत आहेत. भागीदारी फर्मला ३० टक्के आणि वर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. मालकाला आधी एवढे विचारा, मग सूत्र उघडा.

प्रश्न: वरच्यासारख्याच मशीनसाठी बँक २० लाख कर्ज देते, साडेदहा टक्क्यांनी. मी प्रवाहातून व्याज वजा केले तर सरांनी लाल रेघ मारली. व्याज हा खर्च नाही का?
(बी.कॉम. विद्यार्थी, दिवसा फाउंड्रीच्या ऑफिसात नोकरी, हिंडलगा)

उत्तर: खर्च आहेच, पण तो डिस्काउंट रेटमध्ये आधीच बसला आहे. १३ टक्के हा दर बँकेचे व्याज आणि मालकाची अपेक्षा दोन्ही मिसळून निघतो. प्रवाहातूनही व्याज वजा केले तर बँकेला दोनदा दिले. किती बिघडते ते बघा. मुद्दल दरवर्षी ४ लाख फेडली तर व्याज २.१०, १.६८, १.२६, ०.८४ आणि ०.४२ लाख येते. कर वाचल्यावर त्याचे ७५ टक्के उरतात. १३ टक्क्यांनी त्यांची आजची किंमत ३.५९ लाख. म्हणजे अधिक ९२ हजारांचा प्रकल्प उणे २ लाख ६७ हजार दाखवतो.

व्याज आणि हप्ते वजा करून केवळ मालकाच्या हाती काय येते हे काढायची पद्धतही आहे. तिथे मग डिस्काउंट रेट मालकाचाच लागतो आणि सुरुवातीला ३३ लाख न लिहिता मालकाने घातलेले १३ लाखच लिहायचे. दोन्ही रस्ते चालतात, मिसळले की फसतात. बँकेत द्यायच्या प्रोजेक्ट रिपोर्टात व्याज आणि हप्ते दिसतातच, कारण बँकेला हप्ता निघतो की नाही ते बघायचे असते. ऑफिसातली फाइल आणि कॉलेजची वही यांत फरक वाटतो तो यामुळे.

प्रश्न: हे १३ टक्के येतात कुठून? शेअर बाजारात नसलेल्या कंपनीचा बीटा (बाजाराबरोबर शेअर किती हलतो त्याचे माप) कसा काढायचा?
(एम.कॉम., टिळकवाडी)

उत्तर: स्वतःचा काढता येत नाही, दुसऱ्याचा उसना घेऊन दुरुस्त करतात. पायऱ्या अशा. आपल्यासारखाच धंदा करणाऱ्या, बाजारात नोंदलेल्या चार-पाच कंपन्या घ्या. त्यांच्या शेअरच्या बीटाची सरासरी समजा १.२ आली आणि त्यांचे कर्ज भांडवलाच्या निम्मे, म्हणजे प्रमाण ०.५. कर २५ टक्के. आता कर्जामुळे आलेली जोखीम काढून टाका: १.२ भागिले (१ अधिक ०.७५ गुणिले ०.५), म्हणजे १.२ भागिले १.३७५, उत्तर ०.८७३. ही नुसत्या धंद्याची जोखीम. आपल्या कारखान्यात कर्ज आणि भांडवल सारखे असेल तर प्रमाण १. म्हणून ०.८७३ गुणिले १.७५, बीटा १.५३.

दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा दर ७ टक्के आणि शेअर बाजार त्यावर देतो तो जादा परतावाही ७ टक्के धरला (परीक्षेत हे आकडे दिलेले असतात, प्रोजेक्टमध्ये मात्र कुठून घेतले ते लिहा), तर मालकाच्या पैशाची किंमत ७ अधिक १.५३ गुणिले ७, म्हणजे १७.७ टक्के. कर्जाची किंमत कर वाचल्यावर साडेदहाचे ७५ टक्के, ७.९. निम्मे-निम्मे धरून १२.८. पूर्णांकात १३.

कर्ज आणि भांडवल यांची वजने कुठली वापरायची यावर वर्गात वाद होतात. ताळेबंदातली नकोत. उद्यमबागेत तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या भावाला घेतलेला प्लॉट ताळेबंदात त्याच किमतीला पडून असतो. त्यामुळे मालकाचे भांडवल फार लहान आणि कर्ज फार मोठे दिसते, आणि दर उगीचच खाली येतो. बाजारभाव मिळत नसेल तर त्याच धंद्यातल्या नोंदणीकृत कंपन्यांचे सरासरी प्रमाण घ्या.

बीटाची ही कल्पना ज्या मॉडेलमधून आली ते विल्यम शार्प यांनी १९६४ साली मांडले. त्यासाठी १९९० चे नोबेल त्यांना हॅरी मार्कोविट्झ आणि मर्टन मिलर यांच्याबरोबर मिळाले. परीक्षेत एवढे पुरते. बाकी चरित्र लिहीत बसू नका.

प्रश्न: आमच्या भागात साखर कारखाने पुष्कळ. सहकारी कारखान्याला हा विषय लागू होतो का? आणि ताळेबंदात नफा असूनही ऊस बिले का थकतात?
(बीबीए, संकेश्वर)

उत्तर: पहिल्या प्रश्नाचे उत्तर अर्धे हो. सहकारी संस्थेचा शेअर बाजारात विकला जात नाही, सभासदाला तो दर्शनी किमतीलाच परत मिळतो. त्यामुळे बीटा नाही आणि 'शेअरची किंमत वाढवणे' हे ध्येयही नाही. सभासद हाच मालक आणि तोच ऊस पुरवणारा. त्याला फायदा लाभांशापेक्षा उसाच्या दरातून हवा असतो. पण नवी डिस्टिलरी घ्यावी का, बॉयलर बदलावा का, असल्या निर्णयांना एनपीव्ही तसाच लागतो.

दुसरा प्रश्न खेळत्या भांडवलाचा आहे आणि त्याला साखरेसारखे उदाहरण नाही. एक कल्पित कारखाना घेऊ. रोज ५,००० टन गाळप, १२० दिवसांचा हंगाम. २०२४-२५ ची एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर) १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला ३४० रुपये होती. म्हणजे रोजचे ऊस बिल १ कोटी ७० लाख. कायद्याने ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. १२० दिवसांचा ऊस २०४ कोटींचा आणि साखर ६१,५०० टन. भाव किलोला ३६ रुपये धरू. बगॅस, मळी, इथेनॉल सध्या बाजूला ठेवू.

ऊस चार महिन्यांत येतो, साखर मात्र वर्षभर विकली जाते. केंद्र सरकार प्रत्येक कारखान्याला दर महिन्याचा विक्री कोटा ठरवून देते. दरमहा सारखी विक्री धरली तर महिन्याला ५,१२५ टन, म्हणजे १८ कोटी ४५ लाख. पहिल्या तीस दिवसांत सोळाव्या दिवसापर्यंतच्या उसाचे देणे लागते, २७ कोटी २० लाख. पहिल्याच महिन्यात पावणेनऊ कोटींची तूट, पगार आणि तोडणी-वाहतूक सोडून. हंगाम संपताना १०६ व्या दिवसापर्यंतच्या उसाचे १८० कोटी २० लाख द्यायचे झालेले असतात आणि विक्रीतून आलेले असतात ७३ कोटी ८० लाख. अंतर १०६ कोटी ४० लाख. नफा-तोटा पत्रकात यातले काहीच दिसत नाही, कारण गोदामातली ४१,००० टन साखर तिथे शिल्लक साठा म्हणून धरलेली असते.

हे अंतर भरायला साखर तारण ठेवून बँकेकडून कर्ज घेतात. साठा १४७ कोटी ६० लाखांचा. बँकेने १५ टक्के मार्जिन ठेवले तर १२५ कोटी ४६ लाख मिळतील. १०६ कोटी ४० लाख उसाला गेले, १९ कोटींत बाकीचे सगळे भागवायचे. इथपर्यंत कसेबसे जमते. आता भाव ३६ वरून ३३ वर आला असे समजा. बँक साठ्याची किंमत लगेच कमी धरते, मर्यादा ११५ कोटींवर येते आणि साडेदहा कोटी एका झटक्यात कमी होतात. एक पोतेही कमी झालेले नसते. बिल थकायला सुरुवात होते ती इथून.

याची किंमतही काढून ठेवा. कर्ज चार महिन्यांत शून्यापासून १२५.४६ कोटींपर्यंत चढले आणि पुढच्या आठ महिन्यांत शून्यावर उतरले तर वर्षभराची सरासरी निम्मी, ६२.७३ कोटी. १० टक्क्यांनी व्याज ६ कोटी २७ लाख. ६ कोटी १५ लाख किलो साखरेवर वाटले तर किलोमागे १ रुपया २ पैसे. दर टनाला ३,४०० रुपये उसाचे जाऊन साखरेचे ३,६९० येत असताना हा रुपया लहान नाही.

परीक्षेत याचेच छोटे रूप विचारतात: कच्चा माल किती दिवस, तयार माल किती दिवस, उधारी किती दिवस, त्यातून पुरवठादाराने दिलेले दिवस वजा. उत्तर लिहिताना कच्च्या मालाचे दिवस खरेदीवर किंवा वापरावर, तयार मालाचे उत्पादन खर्चावर आणि उधारीचे विक्रीवर काढा. सगळ्यांखाली विक्रीच लिहिणारे विद्यार्थी मार्क घालवतात. आणि साखरेसारख्या हंगामी धंद्यात ३१ मार्चच्या ताळेबंदावरून वर्षाची सरासरी काढू नका. त्या दिवशी गोदाम सगळ्यात भरलेले असते.

प्रश्न: आयआरआर जास्त तो प्रकल्प चांगला ना? मग दोन पर्यायांत कमी आयआरआरचा निवडा असे उत्तर का दिले आहे?
(बी.कॉम., निपाणी)

उत्तर: दोन्हींपैकी एकच करता येत असेल तर टक्के बघू नका, रुपये बघा. निपाणीतलेच उदाहरण. एकाच गोदामात तंबाखू साठवायची आहे. दहा लाखांचा माल घेतला तर वर्षाने १३ लाख येतील, आयआरआर ३० टक्के. चाळीस लाखांचा घेतला तर ४८ लाख ४० हजार, आयआरआर २१. पैशाची किंमत १२ टक्के. पहिल्याचा एनपीव्ही १ लाख ६१ हजार, दुसऱ्याचा ३ लाख २१ हजार. खात्री करायची तर फरकाचा हिशेब करा: जादा ३० लाख घालून जादा ३५ लाख ४० हजार मिळतात, म्हणजे १८ टक्के. बारापेक्षा जास्त, तर घाला. पैसे उभे करता येत नसतील किंवा मोठ्या साठ्याला जोखीम जास्त असेल तर गोष्ट वेगळी, पण मग ते कारण स्पष्ट लिहा, आयआरआरच्या आड लपू नका.

दुसरा सापळा म्हणजे शेवटी पुन्हा खर्च येणारे प्रकल्प. दगडखाणीत आज १० लाख घातले, वर्षाने २३ लाख मिळाले आणि दुसऱ्या वर्षी खड्डा बुजवायला १३ लाख २० हजार गेले, तर आयआरआर १० टक्केही येतो आणि २० टक्केही. कॉम्प्युटर यांतला एकच दाखवतो, कुठला ते सुरुवातीच्या अंदाजावर अवलंबून. ८ टक्क्यांना हा प्रकल्प उणे, १५ ला किंचित अधिक, २५ ला पुन्हा उणे. प्रवाहाचे चिन्ह दोनदा बदलले की आयआरआर सोडून द्यायचा.

प्रश्न: मोदिग्लियानी-मिलरचा सिद्धांत खऱ्या जगात लागू होत नाही असे पुस्तकच म्हणते. मग शिकवतात कशाला?
(एम.कॉम., चिकोडी)

उत्तर: १९५८ च्या त्या लेखाचे म्हणणे एवढेच: कर नाही, दिवाळखोरीचा खर्च नाही, माहिती सगळ्यांना सारखी, तर कर्ज किती घेतले याने कंपनीची किंमत बदलत नाही. यातली एकेक अट काढत जा, म्हणजे कर्जाचा फायदा-तोटा नेमका कुठून येतो ते कळते. १९६३ मध्ये त्यांनीच कर धरून दुरुस्ती केली: किंमत वाढते ती कर्ज गुणिले कराचा दर एवढी. मग दिवाळखोरीची भीती धरा, वाढ कुठेतरी थांबते. उत्तर याच क्रमाने लिहा. निव्वळ गृहीतकांची यादी लिहिली तर अर्धेच मार्क.

प्रश्न: आमचे शहापुरात साड्यांचे दुकान आहे. पुरवठादार दहा दिवसांत पैसे दिले तर दोन टक्के सोडतो, नाहीतर तीस दिवसांची उधारी. बाबा म्हणतात दोन टक्क्यांसाठी कॅश क्रेडिट (ठरलेल्या मर्यादेपर्यंत बँकेतून घेता येणारी उचल) कशाला वापरायचे, ते अकरा टक्क्यांनी आहे. पुस्तक उलटे सांगते.
(बी.कॉम. दुसरे वर्ष, शहापूर)

उत्तर: पुस्तक बरोबर आहे. दोन टक्के हे वीस दिवसांचे आहेत, अकरा टक्के वर्षाचे. एक लाखाच्या बिलावर दहाव्या दिवशी ९८,००० द्यायचे. ते कॅश क्रेडिटमधून वीस दिवस वापरले तर व्याज ५९१ रुपये. सवलत २,००० रुपये. वर्षाच्या दराने ही सवलत ३७.२ टक्के पडते (२ भागिले ९८, गुणिले ३६५ भागिले २०), चक्रवाढीने ४४.६. बाबांचे एका बाबतीत खरे आहे: मर्यादा आधीच भरलेली असेल तर वापरायला काही उरत नाही. आणि पुरवठादार साठ दिवस थांबून घेत असेल तर सवलतीचा दर निम्म्याहून खाली येतो, कारण ५० दिवसांवर तो १४.९ टक्के होतो. मात्र पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदणी केलेला कारखानदार असेल, तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे थांबवता येत नाही, आणि करार नसेल तर १५ दिवस. त्यापुढे थकलेली रक्कम वर्षअखेर बाकी राहिली तर त्या वर्षी खर्च म्हणून आयकरात मिळत नाही, दिली त्या वर्षी मिळते.

प्रश्न: परीक्षेत साधाच कॅल्क्युलेटर चालतो. प्रेझेंट व्हॅल्यूचा तक्ता दिला नाही तर?
(बीबीए, येळ्ळूर)

उत्तर: तक्त्याची गरज नाही. बहुतेक साध्या कॅल्क्युलेटरवर १ भागिले १.१३ करून बरोबरचे बटण दाबत जा: ०.८८५०, ०.७८३१, ०.६९३१, ०.६१३३, ०.५४२८. एकेका दाबाला एकेक वर्ष. काही कॅल्क्युलेटरांवर उलटे लागते: १.१३, भागाकाराचे चिन्ह दोनदा, मग १ आणि बरोबर. आपला कोणता ते घरी पडताळून ठेवा. जीटी (सगळ्या उत्तरांची बेरीज देणारे) बटण असेल तर पाच वेळा दाबून झाल्यावर तेच दाबा, पाच वर्षांच्या वार्षिक हप्त्याचा गुणक ३.५१७२ थेट मिळतो. त्याआधी जीटी पुसून घ्या, नाहीतर मागच्या उदाहरणाची बेरीज त्यात मिसळते. गुणक चार दशांशांपर्यंत लिहा. दोनच लिहिले तर पहिल्या प्रश्नातल्या प्रवाहांवर एनपीव्ही ९२ हजारांऐवजी ७५ हजारांच्या आसपास येतो आणि तपासणाऱ्याला चूक सूत्रात आहे की भागाकारात ते कळत नाही.